तीस दिवसांचे आत

"आ करा भाऊसाहेब. लाजताय काय? सरकारनं आमचं तोंड गोड केलं, आम्ही तुमचं करतो," असं म्हणत यल्लूबाईनं साखरेची चिमूट थेट माझ्या तोंडात कोंबली.

मी सायकलवरून नीट उतरलोही नव्हतो. गळ्यात टाळांची पिशवी, कपाळाला बुक्का, आणि मनात एकच घाई. खेर्डीत रंगनाथबुवांचा सप्ताह बसला होता आणि रविवारच्या पारायणाला मला वेळेवर पोचायचं होतं. बुवांच्या मागं टाळ धरून उभं राहायला लागून मला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. सहा दिवस कचेरीत कागद काळे करायचे आणि बुवांच्या कीर्तनात उभं राहून ते सगळं धुऊन काढायचं, असा माझा साधा हिशेब होता.

खेर्डीच्या अलीकडं गायरानात तेवीस घरांची वडार वस्ती होती. पाटे-वरवंटे घडवणारी माणसं. यल्लूबाई दर उन्हाळ्यात आमच्या घरी पाट्याला टाकी लावायला यायची. छिन्नी-हातोडीनं गुळगुळीत झालेला पाटा पुन्हा खरखरीत करून द्यायची आणि काम करता करता अख्ख्या आळीची उणीदुणी काढायची.

"कसली साखर, यल्लूबाई?"

"आता बघा! सोता कचेरीत बसत्यात अन् मलाच इचारत्यात. घरं नावावर झाली आमची! तेवीसच्या तेवीस. या की आत, दावते."

तिनं मला हाताला धरून नेलं. दाराला आंब्याचं तोरण होतं. आत फळीवर यल्लम्माचा मुखवटा, आणि त्याच्या शेजारी, पारदर्शक पिशवीत घालून, हळद-कुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून उभा केलेला एक टंकलिखित कागद. वर राजमुद्रा. खाली गोल शिक्का.

मला तो वाचायची गरज पडली नाही. तो मीच लिहिला होता.

"गिरजानं वाचून दावला," यल्लूबाई सांगत होती. "आम्ही समदी गप बसून ऐकत व्हतो, पोथीवानी. काय झ्याक लिवलंय हो! ज्यानं लिवलं त्याच्या हाताला देवानं यश द्यावं."

गिरजा तिची सून. सातवी पास. चुलीपुढून उठून, पदरानं हात पुसत ती म्हणाली, "समदं नाही उमगलं, भाऊसाहेब. पण गट नंबर आपला हाय. अन् खाली सगळ्यांची नावं, आडनावासकट, बरोब्बर. मतदारयादीत माझं नाव गिरीजा नामदेव असं भलत्याचंच जोडलं व्हतं. ह्यात एक चूक नाही."

चूक नव्हतीच. ती नावं मीच दोन वेळा तपासून दुरुस्त केली होती.

"अन् कोतवालानं अंगठं घेतलं की," यल्लूबाई म्हणाली. "जमीन देताना घेत्यात तसंच. म्या इचारलं, ह्याचं काय करू? म्हनला, सरकारी कागद हाय, जपून ठेव. मग देवापाशी ठेवला. आनखी कुटं ठेवणार?"

बाहेर चार-पाच जण जमले होते. एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले. तोंडातली साखर विरघळत होती. बजावणीच्या शिक्क्यावरची तारीख मला दिसत होती. मुदत संपायला पाच दिवस उरले होते.

"येतो," मी म्हणालो. "पारायणाला उशीर होतोय."

आणि साखर गिळून सायकलवर बसलो.

*

त्या दिवशी माझा टाळ दोनदा चुकला. बुवांनी मागं वळून पाहिलं.

त्या कागदात काय होतं ते आता सांगायला हवं. मला आजही पाठ आहे. "ज्याअर्थी, गट क्रमांक २१४ मधील शासकीय गायरान क्षेत्रावर खालील अनुसूचीत नमूद इसमांनी निवासी प्रयोजनार्थ केलेली अतिक्रमणे नियमानुकूल करण्याची बाब विचाराधीन आहे, त्याअर्थी, सदर इसमांनी आपापले वहिवाटीबाबतचे पुरावे ही नोटीस बजावल्याचे दिनांकापासून तीस दिवसांचे आत निम्नस्वाक्षरीकारांचे समक्ष सादर न केल्यास, त्यांचे काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून सदरहू अतिक्रमणे निष्कासित करण्यात येतील, याची नोंद घ्यावी."

एकच वाक्य. ते लिहिलं त्या दिवशी रावसाहेब, म्हणजे आमचे तहसीलदार, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "मसुदा कसा असावा, हे गिरमेंकडून शिका." मी घरी येऊन बायकोला ते दोनदा सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी मी रावसाहेबांपुढं उभा राहिलो. माणूस वाईट नव्हता. सोमवारचा उपास करायचे, शिपायालाही अहो-जाहो करायचे.

"रावसाहेब, वडार वस्तीचा घोटाळा झालाय. त्यांना नोटीस कळलेली नाही. त्यांना वाटतंय घरं नावावर झाली. पूजा करताहेत तिची."

रावसाहेब आधी हसले. मग माझा चेहरा बघून थांबले.

"बजावणी झाली ना रीतसर?"

"झाली. पण..."

"अंगठे आहेत?"

"आहेत."

"मग आपल्या बाजूनं विषय संपला. गिरमे, ही कायद्याची भाषा आहे. सोपं लिहायला गेलो, तर उद्या कोर्टात वकील शब्द न शब्द सोलून काढेल. तुम्हाला मी सांगायला हवं?"

"मी नुसता जाऊन समजावून सांगू का? तोंडी?"

"मुळीच नाही." आता त्यांचा आवाज बदलला. "कचेरीच्या माणसानं एका बाजूला सल्ला द्यायचा नसतो. उत्तर नाही आलं तर निर्णय सोपा आहे, आलं तर तपासू. तुम्ही तुमच्या टेबलावर बसा."

मी टेबलावर जाऊन बसलो. नोकरी सतरा वर्षांची, दोन मुली शिकत होत्या. बसलो, एवढंच खरं.

*

मंगळवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी खेर्डीला गेलो. बुवा देवळाच्या ओट्यावर ज्येष्ठमध चघळत बसले होते. सप्ताहात त्यांचा आवाज फार जपावा लागे.

मी सगळं सांगितलं. साखरेपासून.

"बुवा, उद्या काल्याच्या कीर्तनाला वस्ती येणार आहे. सगळी येतात. तुम्ही एवढं सांगा त्यांना. तुमच्या तोंडून निघालं की झालं."

"काय लिहिलंय ते म्हण बघू."

मी म्हटलं. बुवा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अरे, ह्यात श्वास कुठं घ्यायचा?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"आणि पाठ किती चोख! पंधरा वर्षांत एका अभंगाचे चार चरण तुला सलग येत नाहीत, मला सांगावं लागतं. बरं. आता ह्याचं निरूपण कर."

"म्हणजे?"

"म्हणजे, मी रोज करतो ते. मूळ म्हणून झालं, आता समोरच्या म्हातारीला कळेल असं सांग."

मला जरा वेळ लागला. मग म्हणालो, "इथं किती वर्षं राहता त्याचा पुरावा तीस दिवसांत आणून द्या. नाहीतर तुमची घरं पाडू."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग एवढंच का नाही लिहिलंस?"

"पद्धत असते, बुवा. लिहायची पद्धत असते ती."

बुवांनी ज्येष्ठमधाची काडी बाजूला ठेवली. देवळात कुणीतरी वीणा लावत होतं. शेवटी ते म्हणाले, "मी नाही सांगणार."

"बुवा!"

"ऐक आधी. मी सांगितलं, तर लोकांना तो दृष्टांत वाटेल. देह हे घर, काळ ते पाडणार, असं काहीतरी. माना डोलावतील, पाया पडतील, काला खाऊन घरी जातील. मी चाळीस वर्षं कीर्तन करतोय, गिरमे. माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याच गोष्टीनं कोणी त्याच दिवशी उठून धावत सुटलेलं मी पाहिलं नाही. ज्यानं लिहिलं त्यानं सांगावं."

"माझी नोकरी आहे, बुवा. साहेबांनी बजावलंय."

"मी कुठं म्हणतो सांगच म्हणून? मी एवढंच म्हणतो की मी सांगणार नाही."

*

बुधवारी सकाळी मंडप भरला होता. वर दह्याची हंडी टांगलेली. वडार वस्ती नेहमीप्रमाणं डाव्या अंगाला, सगळ्यांत मागं. यल्लूबाईनं नवं लुगडं नेसलेलं लांबूनही दिसत होतं.

बुवा रंगात होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कुणाची शिळी, कुणाची ताजी, तिथपर्यंत आले होते. मी टाळ वाजवत होतो आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मुदत परवा संध्याकाळी पाचला संपणार होती.

बुवांनी पाणी प्यायला म्हणून हात वर केला. मृदंग थांबला. आणि मी काय करतोय हे कळायच्या आत रांगेतून पुढं आलो. टाळ माझ्या हातातच होते.

बुवांना आश्चर्य वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. ते फक्त बाजूला सरले आणि लोकांना म्हणाले, "आमचे टाळकरी काही सांगताहेत. हा दृष्टांत नाही. नीट ऐका."

"आपणांस बजावण्यात आलेल्या नोटिशीच्या अनुषंगाने..." मी सुरुवात केली.

"गिरमे," बुवा मागून हळूच म्हणाले, "मराठीत."

पुढच्या रांगा हसल्या. ते हसू ओसरेपर्यंत मी थांबलो, आणि मग मागच्या रांगेकडं बघत एका दमात बोलून टाकलं.

"यल्लूबाई, तुम्हाला आलेल्या कागदात घरं नावावर झाली असं लिहिलेलं नाही. इथं किती वर्षं राहता त्याचा पुरावा कचेरीत आणून द्या, नाहीतर तुमची घरं पाडू, असं लिहिलंय. परवा शुक्रवार, संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ आहे. तो कागद मी लिहिलाय."

मागं एक बाई उठून उभी राहिली आणि लोकांच्या मधून वाट काढत पुढं आली. यल्लूबाई माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"ऐतवारी साखर खाल्लीस," ती म्हणाली, "तवा तुला हे ठावं व्हतं?"

तिनं मला आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"होतं."

"मग गिळली कशी?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही.

"पुरावा म्हंजी काय ते सांग आता. अन् वर हुबा ऱ्हाऊन नगं. खाली बसून सांग."

मी खाली बसलो. त्या वर्षी हंडी फुटली तेव्हा वडार वस्तीतलं कुणी मंडपात नव्हतं. मीही नव्हतो.

*

पुरावा म्हणजे काय, हे सांगणं सोपं होतं. आणायचा कुठून, हा प्रश्न होता. या लोकांपाशी कागद कसले? दगड फोडत जिल्हाभर हिंडलेली माणसं, शेवटी इथं स्थिरावलेली. कुणाचं रेशनकार्ड पावसात भिजून लगदा झालेलं, कुणाचं कधी निघालंच नव्हतं.

"तुम्ही इथं आलात कधी?" मी यल्लूबाईला विचारलं.

"मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली."

"त्याला साक्ष काय?"

"साक्ष?" ती उसळली. "खेर्डीतल्या कुठल्या बी सैपाकघरात जा. पाटा उलथा कर. तो कवा घेतला, कुणाकडनं घेतला, इचार त्यांच्या बायकांना!"

ती रागानं बोलली होती, पण गिरजाच्या डोक्यात त्यातून भलतंच शिरलं. "आत्या, पाटा लग्नातच घेत्यात की! अन् लग्नाची पत्रिका असतीया. त्यावर साल असतं."

गुरुवारी खेर्डीच्या बायकांनी ट्रंका उपसल्या. पिवळ्या पडलेल्या, कडा कुरतडलेल्या, हळदीचे डाग तसेच असलेल्या लग्नपत्रिका देवळाच्या ओट्यावर जमा झाल्या. माझ्या लग्नातला पाटा अमक्या साली वस्तीवरच्या यल्लूबाईकडून घेतला, तमक्याकडून वरवंटा घेतला, असं सांगून बायका अंगठे देऊ लागल्या. एक म्हातारी तर म्हणाली, "नवरा मेला, पण पाटा हाय बघा अजून. नवऱ्यापरीस टिकला." सगळ्या हसल्या. दोन दिवसांत तेवढंच हसू.

मी बुधवारपासून रजेवर होतो. प्रत्येकाचा जबाब त्याच्याच बोलण्यात लिहायचा, असं मी ठरवलं होतं. "मी इथं सतरा वर्षं राहतो. माझी तिन्ही लेकरं इथं जन्मली. मला दुसरं घर नाही." पहिले दोन-तीन लिहिताना माझी लेखणी सवयीनं 'सदरहू'कडं वळायची आणि गिरजा शेजारून म्हणायची, "हे असं नव्हता म्हणाला तो." मग तिनंच दुसरी वही घेतली. जवळजवळ निम्मे जबाब तिच्या हातचे आहेत.

बावीस घरांचे झाले. राहिलं एक. तिमण्णाचं.

तिमण्णा यल्लूबाईचा थोरला भाऊ. नोटिशीवर अंगठा देऊन, तीन आठवड्यांपूर्वी बायकोला घेऊन, गाढवांवर पाटे लादून, कर्नाटकातल्या जत्रा करायला गेला होता. कुठली जत्रा, कुणालाच ठाऊक नव्हतं. दाराला कुलूप नव्हतं, एक मोठा धोंडा लावून ठेवला होता.

"मी देते अंगठा त्याचा," यल्लूबाई म्हणाली. "भन हाय मी. एका आईचं दूध प्यालोय."

मी तिचा तसा जबाब लिहून घेतला. पण लिहितानाच मला माहीत होतं.

शुक्रवारी सव्वाचारला कचेरीच्या आवारात दीडदोनशे माणूस उभं होतं. वडार वस्ती आणि निम्मी खेर्डी. रावसाहेबांनी खिडकीतून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बावीस जबाब पत्रिकांसकट दाखल करून घेतले. शिक्के बसले. तेविसावा त्यांनी हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"ज्याचं म्हणणं त्यानंच मांडायचं असतं, बाई."

"तो हितं न्हाई, सायेब."

"त्याला मी काय करू?"

"वाट बघा की. माणूस गेलंय, मेलं न्हाई."

"मुदतीला वाट बघता येत नाही," रावसाहेब म्हणाले. अगदी मऊ आवाजात म्हणाले. भिंतीवर पाच वाजले.

*

बावीस घरं राहिली. आजही आहेत. लोक ती गोष्ट सांगतात तेव्हा तिथंच थांबतात. गेल्या सप्ताहात एका तरुण बुवांनीही ती कीर्तनात सांगितली, आणि माणसं डोळे पुसत होती. मी मागं टाळ धरून उभा होतो. पुढचं मी कुणाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी तेविसाव्या घराचा आदेश काढायचा होता. मसुदा माझ्याकडंच आला. मी लिहिला.

"श्री. तिमण्णा यांस. तुम्ही गावाला गेला होता, म्हणून तुमचा पुरावा आमच्यापर्यंत आला नाही. तुमच्या बहिणीचं म्हणणं आम्ही घेतलं नाही. येत्या मंगळवारी सकाळी, तुम्ही नसताना, आम्ही तुमचं घर पाडणार आहोत."

रावसाहेबांनी ते वाचलं. पेनाचं टोपण काढलं. पुन्हा वाचलं. टोपण लावलं.

"गिरमे, हे काय लिहिलंय?"

"काही चूक आहे का, रावसाहेब?"

"चूक नाही."

"मग?"

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. पंख्याखाली तो कागद फडफडत होता. त्यांनी त्याच्यावर पेपरवेट ठेवला. "ह्याच्यावर मी सही कशी करू?" ते म्हणाले. मला वाटतं, माझ्याशी नाही बोलले.

मी बाहेर आलो. मनात म्हटलं, पांडुरंगा, वाचलं घर. जेवणाच्या सुट्टीत देवळात जाऊन नारळ फोडून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावर टपालाची फाईल आली. त्यात शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडून लिहवून घेतलेला नवा आदेश होता. "ज्याअर्थी, उपरोक्त इसमाने विहित मुदतीत कोणतेही म्हणणे सादर केलेले नाही, त्याअर्थी, सदरहू अतिक्रमण निष्कासित करणेत यावे." एकच वाक्य. फाईल सहीसाठी आत न्यायचं काम माझं होतं. मी नेली. रावसाहेब फोनवर कुणाशी तरी मुलीच्या स्थळाविषयी बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि फाईल माझ्याकडं सरकवली.

मी ती घेतली आणि जावक बारनिशीत नोंद करून रवाना केली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तिमण्णाचं घर पाडलं. तिमण्णा शुक्रवारी परत आला.